अँडीजच्या डोंगरउतारावरील फळे

हिवाळा सरत आला म्हणजे मुंबई-पुण्याच्या बाजारांत फळवाल्यांच्या पाट्यांवर एक लहानसे फळ दिसू लागते. कागदासारख्या पातळ, वाळक्या वेष्टनात दडलेले, सोनेरी पिवळ्या रंगाचे आणि आंबटगोड चवीचे हे फळ मुलांच्या विशेष आवडीचे आहे. कोणी त्यास रसभरी म्हणतात, कोणी रासबेरी म्हणतात. वस्तुतः खऱ्या रासबेरीशी त्याचे काहीच नाते नाही. ते वांगे, टोमॅटो आणि बटाटा यांच्या कुळातील असून त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उतारावर आहे. तेथून ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी असलेल्या केप ऑफ गुड होप येथे गेले, १८०७ च्या पूर्वीच तेथील वसाहतवाल्यांच्या बागांतून रुजले आणि त्यावरूनच इंग्रजीत त्यास 'केप गूजबेरी' हे नाव पडले. इतका लांबचा प्रवास करून हे फळ घरोघर पोहोचले. परंतु त्याची कितीतरी भावंडे अद्याप त्या पर्वताच्या कुशीतच राहिली आहेत. ती का राहिली, आणि त्यांचा अभ्यास करणाऱ्यांना काय आढळले, हे जाणून घेणे मनोरंजक तर आहेच, पण उद्बोधकही आहे.

अँडीज पर्वताची रांग सुमारे ७,००० किलोमीटर लांब पसरली आहे. तिचा कोलंबिया, एक्वादोर, पेरू आणि बोलिव्हिया या देशांतून जाणारा भाग उष्ण कटिबंधात येतो. उंची १,००० मीटर वाढली म्हणजे हवेचे तपमान सामान्यतः सहा-साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे एकाच डोंगराच्या पायथ्याशी केळी, मध्यावर मका आणि माथ्याजवळ बटाटा असा पिकांचा जिना तेथे पाहावयास मिळतो. या जिन्याच्या मधल्या पायऱ्यांवर, दिवसा सौम्य ऊन आणि रात्री गारवा अशा हवेत, जी फळझाडे वाढली ती ना धड उष्ण प्रदेशातील, ना धड थंड प्रदेशातील. हेच त्यांचे वैशिष्ट्य आणि हीच त्यांची अडचण. कडक हिमाने ती मरतात. दख्खनच्या उन्हाळ्यासारखा ताप अथवा कोकणासारखी दमट उष्णताही त्यांस मानवत नाही.

इ. स. १५३२ मध्ये पिसारो हा स्पॅनिश सेनानी पेरूत उतरला आणि इंका राज्याचा अंत झाला. जेत्यांनी आपल्याबरोबर गहू, जव, द्राक्षे आणि संत्री आणली. देशी पिकांपैकी बटाट्याने पुढे सारे जग जिंकले. पण बहुतेक फळे गावच्या बाजारापुरतीच राहिली. पिकते तेथे विकत नाही, ही मराठी म्हण त्यांना थोड्या निराळ्या अर्थाने लागू पडते. ती पिकत होती तेथे विकत होती. फक्त तेथेच विकत होती. म्हणून त्यांना 'विस्मृत' म्हणताना जरा थांबावयास हवे. डोंगरातील शेतकरी त्यांना कधीच विसरला नव्हता. विसर पडला होता तो विद्यापीठांस, कृषिखात्यांस आणि व्यापाऱ्यांस.

हा विसर दूर करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात झाले. अमेरिकन कृषिखात्याचे वनस्पतिशोधक विल्सन पोपेनो यांनी १९२० च्या सुमारास एक्वादोरमध्ये हिंडून तेथील फळझाडांची पाहणी केली आणि १९२४ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन मंडळाने 'इंकांची हरवलेली पिके' या अर्थाच्या नावाचा एक मोठा अहवाल काढला. त्यात कंद, धान्ये आणि कडधान्ये यांच्याबरोबर चिरिमोया, लुकुमा, नारांहिया, झाडटोमॅटो, पेपिनो, डोंगरी पपई अशा फळांना स्वतंत्र प्रकरणे मिळाली. तेव्हापासून या फळांविषयीचे कुतूहल वाढले. परंतु एखादे फळ रुचकर असणे आणि ते पीक म्हणून उभे राहणे यांत फार मोठे अंतर असते. या फळांचा इतिहास म्हणजे त्या अंतराचाच इतिहास होय.

प्रथम चिरिमोयाचा विचार करू. हे फळ सीताफळ आणि रामफळ यांचे सख्खे भावंड आहे. साल हिरवी व बहुधा गुळगुळीत, गर पांढरा, दाट सायीसारखा, आणि चवीत गोडीबरोबर किंचित आंबटपणा. इतके गुण असूनही त्याची लागवड सोपी नाही. कारण त्याचे फूल. एकाच फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात, परंतु ते एकाच वेळी सिद्ध होत नाहीत. फूल प्रथम उमलते तेव्हा ते पराग स्वीकारण्याच्या अवस्थेत असते. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ते पराग सोडू लागते, पण तोवर त्याची स्वतःची स्वीकारण्याची शक्ती संपलेली असते. ही गाठ घालून देण्याचे काम निसर्गात बारीक भुंगेरे करतात. जेथे ते पुरेसे नसतात तेथे झाड फुलांनी भरते, पण फळे मोजकीच आणि वेडीवाकडी धरतात. कारण ज्या बाजूस पराग पोहोचला नाही ती बाजू वाढतच नाही.

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, ग्रानादा आणि मालागा या प्रांतांत, या अडचणीवर उपाय सापडला. तेथे हे झाड अठराव्या शतकात पोहोचले होते. बागाईतदार दुपारी पराग सोडणारी फुले गोळा करतात, त्यांतील पराग वेगळा करतात आणि तो कुंचल्याने किंवा लहानशा फुंकणीने दुसऱ्या फुलांना लावतात. काम किचकट, मजुरीचे. पण त्यामुळे फळ भरदार व सुबक येते. आज व्यापारी प्रमाणावर चिरिमोया पिकविण्यात स्पेनचा क्रमांक सर्वांत वरचा आहे. मालागाजवळील 'ला मायोरा' या संशोधनसंस्थेत जगभरातून आणलेल्या चिरिमोयाच्या वाणांचा फार मोठा संग्रह जिवंत झाडांच्या रूपाने जोपासला आहे. या संग्रहाची आवश्यकता सहज ध्यानात येईल. स्पेनमधील बहुतेक सर्व बागा 'फिनो दे खेते' या एकाच वाणाच्या आहेत. एकाच वाणाच्या कलमांनी सारा प्रदेश भरून गेला आणि त्या वाणास न सोसणारा रोग उद्या आला, तर आधार शोधावयाचा तो अशा संग्रहातूनच.

चिरिमोयाच्या अभ्यासातून एक अनपेक्षित गोष्टही पुढे आली. हे फळ अँडीजचेच, अशी सर्वांची समजूत होती. तथापि बेर्नाबे कोबो या जेसुइट पाद्र्याने सतराव्या शतकातच लिहून ठेवले आहे की, आपण ग्वातेमालात असताना या फळाच्या बिया तेथून पेरूस पाठविल्या. पुष्कळ काळ त्याच्या या लेखास कोणी फारसे महत्त्व दिले नाही. २०१७ मध्ये नाना देशांतील झाडांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. तीत आढळले की, सर्वांत अधिक विविधता पेरू-एक्वादोरात नसून मध्य अमेरिकेतील होंडुरास व ग्वातेमाला या भागात आहे. ज्या भागात एखाद्या पिकाची विविधता अधिक, तो त्याच्या माहेराजवळचा भाग, असे वनस्पतिशास्त्र सामान्यतः मानते. तेव्हा अँडीज हे चिरिमोयाचे माहेर नसून सासर असावे, असे मानावयास आता बळकट आधार आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की, नवे गुण शोधावयाचे तर केवळ पेरूत शोधून भागणार नाही.

या फळाचा महाराष्ट्राशीही संबंध पोहोचतो. १९०८ मध्ये फ्लॉरिडातील मायामी येथे वेस्टर या उद्यानशास्त्रज्ञाने चिरिमोया आणि सीताफळ यांचा संकर घडवून आणला. त्यास 'अतेमोया' असे नाव मिळाले. पुढे बंगळूर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधनसंस्थेने अतेमोयाच्या 'आयलंड जेम' या वाणाचा 'मॅमथ' नावाच्या सीताफळाशी संकर केला आणि त्यातून 'अर्का सहन' हा वाण निघाला. मोठे फळ, थोड्या बिया आणि पुष्कळ गर हे त्याचे गुण. म्हणजे ज्या घरी अर्का सहन आणले जाते, त्या घरी चिरिमोयाचा अंश आधीच येऊन पोहोचला आहे. बियांचा प्रश्नही अभ्यासकांनी असाच मुळापासून घेतला. सीताफळाचा एक बिनबियांचा प्रकार आहे. स्पेन आणि कॅलिफोर्निया येथील शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, बीजांडाचे बाहेरचे आवरण घडविणारे एक जनुक त्या प्रकारात नाहीसे झाले आहे. आवरण नाही म्हणून बीही नाही. सीताफळ खाताना तोंडात बिया घोळविणाऱ्या सर्वांस या शोधाचे मोल निराळे सांगावयास नको.

आता झाडटोमॅटो. हे माणसाहून थोडे उंच वाढणारे झाड असून त्याला अंड्याच्या आकाराची लाल, नारिंगी किंवा पिवळी फळे लोंबतात. चव टोमॅटोसारखी, पण अधिक आंबट व उग्र. दार्जिलिंगच्या डोंगरात त्यास 'रूख टमाटर' म्हणतात व त्याची चटणी करतात. सिक्कीम, नागालँड आणि निलगिरी येथेही ते लावले जाते. न्यूझीलंडमध्ये ते १८९१ मध्ये पोहोचले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे बाहेरची केळी-संत्री येणे दुरापास्त झाले, तेव्हा या फळास मागणी वाढली. पण परदेशी ग्राहकांस 'झाडावरचा टोमॅटो' हे नाव आकर्षक वाटेना. शेवटी ३१ जानेवारी १९६७ रोजी बागाईतदारांनी त्याचे 'तामारियो' असे नवे, गोंडस बारसे केले. नावाने फळाचे भाग्य पालटते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

पण नाव रोगास अडवू शकत नाही. २००६ मध्ये न्यूझीलंडमध्ये बटाटा-टोमॅटोवरील एक रस शोषणारा बारीक कीटक आढळला. तो आपल्याबरोबर झाडास मारणारा एक जिवाणू नेतो. झाडटोमॅटो त्याच कुळातील असल्यामुळे त्याच्या बागांस मोठा तडाखा बसला आणि कित्येक बागाईतदारांनी हे पीक सोडले. या झाडाचे रानटी नातेवाईक बोलिव्हिया व वायव्य अर्जेंटिना येथील जंगलांत आहेत. रोगास तोंड देण्याचा गुण शोधावयाचा तर अभ्यासकास त्या जंगलांकडेच वळावे लागते. म्हणून ती जंगले टिकणे हा केवळ वनखात्याचा प्रश्न नव्हे.

नारांहियाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. नावाचा अर्थ 'लहान संत्रे'. वर बारीक लव असलेली नारिंगी साल, आत हिरवट गर, आणि त्याचा हिरवा, फेसाळ, सुगंधी रस. कोलंबियात त्यास 'लुलो' म्हणतात. १९३९ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनात एक्वादोरतर्फे हा रस लोकांस चाखावयास दिला होता. वाहवा झाली, पण व्यापार जमला नाही. कारण या झाडाचे मूळ फार दुबळे. मातीतील सूत्रकृमी त्यावर गाठी आणतात आणि दोन-तीन वर्षांत झाड संपते. जुन्या जमिनीत कृमी माजले म्हणजे शेतकरी नवी जमीन शोधतो, आणि एक्वादोरच्या पूर्व उतारावर नवी जमीन म्हणजे तोडलेले अरण्य. अशा रीतीने एका पेल्यातील रसापायी कित्येक डोंगरउतार उघडे पडले.

या अडचणीवर दोन मार्गांनी उपाय झाले. इंडियाना विद्यापीठाचे चार्ल्स हायझर यांनी आयुष्याची पुष्कळ वर्षे या फळाच्या आणि त्याच्या नातेवाइकांच्या अभ्यासात घालविली. नारांहिया आणि 'कोकोना' हे अमेझॉनच्या बाजूचे भावंड यांचा संकर शक्य आहे, हे त्या अभ्यासाने स्पष्ट झाले. एक्वादोरमध्ये असाच एक संकर 'पुयो' या नावाने झपाट्याने पसरला. त्याची झाडे बळकट, पण फळ लहान. ते मोठे दिसावे म्हणून शेतकरी कोवळ्या फळांवर एक तणनाशक औषध अल्प प्रमाणात फवारू लागले. फळ फुगले, बाजारात खपले. पण मूळ नारांहियाचा सुवास त्यात उतरला नाही, आणि तणनाशकाने वाढविलेले फळ खाण्याविषयी शंका निघू लागल्या त्या निराळ्याच. दुसरा मार्ग सावकाशीचा होता. एक्वादोरच्या राष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेने कृमींना दाद न देणाऱ्या एका रानटी जातीच्या खुंटावर खऱ्या नारांहियाचे कलम बांधण्याची रीत शेतकऱ्यांस शिकविली. खाली रानटी मूळ, वर सुगंधी फळ. त्यामुळे कृमी माजलेल्या जमिनीतही झाड तग धरते आणि नव्या अरण्यावर कुऱ्हाड चालविण्याचे कारण कमी होते. महाराष्ट्रातील बागाईतदार संत्र्याचे कलम जंबेरीच्या खुंटावर बांधतात, त्याच जातीची ही युक्ती आहे.

रसभरीच्या नशिबी सुदैवाने व्यापार आला. कोलंबियात तिला 'उचुवा' म्हणतात आणि तेथून ती मोठ्या प्रमाणावर युरोपात जाते. तिच्या भोवतीचा कागदी कोश केवळ शोभेचा नसतो. फळ लहान असताना तो हिरवा असतो व त्यास अन्न पुरवितो; पुढे वाळून ऊन, पाऊस आणि कीड यांपासून त्याचे रक्षण करतो, आणि तोडल्यानंतरही त्यास अधिक दिवस टिकवितो. म्हणून परदेशी धाडताना फळे बहुधा कोशासह भरतात. परंतु लागवड वाढली तसा जमिनीतील बुरशीपासून होणारा मर रोगही वाढला, आणि कोलंबियातील शेतकऱ्यांवर पुनःपुन्हा शेते बदलण्याची वेळ आली. शेतकरी ज्या बियांवर अवलंबून होते त्या मिश्र व अनिश्चित. २०१६ मध्ये तेथील कृषिसंशोधन संस्थेने 'आंदिना' व 'दोरादा' हे दोन वाण काढले, तेव्हा शेतकऱ्यांच्या हाती निश्चित गुणांचे बियाणे आले. ज्या फळाचा व्यापार कित्येक दशके चालू होता, त्याला सुधारित वाण मिळण्यास इतका काळ लागावा, यावरून अभ्यास व्यापाराच्या किती मागे राहतो ते कळते.

या झाडाचा पसाराही अडचणीचा आहे. ते माणसाएवढे वाढते, फांद्या आडव्यातिडव्या सोडते आणि त्यास तारांचा आधार द्यावा लागतो. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे संच नेहमीच्या दुप्पट असल्यामुळे संकराने सुधारणा करणे जिकिरीचे असते. न्यूयॉर्कजवळील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळेने जनुकांत नेमका बदल करून सुमारे ३५ टक्के ठेंगणी झाडे तयार केल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. ठेंगण्या झाडास जागा कमी लागते व आधारही कमी. अशी झाडे शेतकऱ्याच्या शेतात कितपत टिकतात, ही खरी परीक्षा पुढेच आहे.

लुकुमा या फळाने मात्र निराळाच मार्ग पत्करला. चिकूच्या कुळातील हे फळ बाहेरून हिरवट, आतून उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकासारखे कोरडे व पिठूळ असते. पेरूच्या किनाऱ्यावरील मोचे लोकांनी इंकांच्या कित्येक शतके आधी या फळाच्या आकृतीची मातीची भांडी घडविली होती. रसाळ फळांची सवय असलेल्या परक्यास ते चाखताना घशाशी अडल्यासारखे वाटते. पेरूच्या लोकांनी फळ बदलण्याऐवजी त्याचा उपयोग ओळखला. मऊ प्रकारास ते 'रेशीम' म्हणतात, कठीण प्रकारास 'काठी'. मऊ फळ ताजे खाल्ले जाते; कठीण फळाचा गर वाळवून पीठ करतात आणि ते आइस्क्रीम व मिठाया यांत घालतात. लुकुमाचे आइस्क्रीम ही पेरूतील घरोघरची आवड आहे. पीठ वर्षभर टिकते, दूर पाठविता येते आणि नाजूक फळाच्या वाहतुकीचा प्रश्नच उरत नाही.

डोंगरी पपयांचे मोल तर त्यांच्या फळापुरते मर्यादित नाही. चिलीमध्ये ला सेरेना या शहराच्या आसपास लहान, पिवळ्या, सुवासिक पपयांचा पाक करून ठेवतात. एक्वादोरमध्ये 'बाबाको' नावाची बिनबियांची पपई केवळ फांद्यांचे तुकडे लावून वाढवितात. परंतु याच गोतातील एका रानटी जातीत रिंगस्पॉट या विषाणुरोगास तोंड देण्याची शक्ती आढळली आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ती संकराने नेहमीच्या पपईत उतरविली. या रोगाने महाराष्ट्रातील पपईच्या बागाही उद्ध्वस्त होत असतात. ज्या रानझाडाच्या फळास बाजारात कोणी विचारीत नाही, त्याच्या अंगी असलेला एक गुण सहस्र कोसांवरील शेतकऱ्याचे पीक वाचवू शकतो. एखादी वनस्पती निरुपयोगी ठरविण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी.

या सर्व कथांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. अभ्यासावाचून झालेली उपेक्षा जितकी हानिकारक, तितकीच अभ्यासावाचून लाभलेली प्रसिद्धीही हानिकारक असते. उपेक्षेने फळ गावापुरते राहते. घाईच्या प्रसिद्धीने जमीन, अरण्य आणि कधी कधी फळाची मूळ चवसुद्धा खर्ची पडते. फुलाची वेळ, मुळाचा शत्रू, खुंटाची निवड, फळाची टिकाऊ शक्ती, रानटी नातेवाइकांचे रक्षण या गोष्टी आधी समजून घेतल्या तरच पीक उभे राहते. हे काम प्रयोगशाळेत जितके होते तितकेच बांधावर होते.

आणि बांधावरील माणसाचा वाटा विसरून चालणार नाही. पेरूतील कुम्बे हे गाव उत्तम चिरिमोयासाठी प्रसिद्ध आहे. त्याचे नाव सांगून दुसरेच लोक आपली फळे विकू लागले, तेव्हा त्या गावाने 'चिरिमोया कुम्बे' हे नाव आपल्या मालकीचे चिन्ह म्हणून सरकारदरबारी नोंदवून घेतले. बीडच्या सीताफळास भारतात जो भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्याच्या मागेही हाच विचार आहे. पिढ्यान्‌पिढ्या चांगल्या झाडाची बी निवडून ठेवणारा, कोणते फळ कोणत्या उतारावर गोड लागते हे जाणणारा शेतकरी हाच या फळांचा पहिला अभ्यासक होय. पुढील अभ्यासकांनी त्याच्याकडूनच आरंभ केला पाहिजे, आणि फळास किंमत आली म्हणजे तिचा पहिला वाटाही त्याच्याच घरी गेला पाहिजे.